ओठ फाटलेला नाही, जुळायचा राहिला आहे

पत्र :

माझी मुलगी पाच आठवड्यांची आहे. तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला फाटलेला आहे आणि आत टाळूलाही फट आहे. सातव्या महिन्यात मी जिन्यावरून दोन पायऱ्या घसरले होते. बाळ ठीक आहे असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पण आता घरात सगळे तोच प्रसंग उकरून काढतात. माझी एक मैत्रीण जीवशास्त्र शिकवते. ती म्हणाली, गर्भात पेशींना एकमेकींशी चिकटवणारे रेणू असतात, त्यांचं काम बिघडलं की असं होतं. तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतोय, की माझ्या अंगातच तो चिकटपणा कमी पडला असेल. मी कोलॅजनची पावडर घ्यायला लागले आहे. दुधातून तिला ते मिळेल का? आणि पुढचं मूल झालं तर त्यालाही असंच होईल का?

– एक आई

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात ‘फाटलेला’ हा शब्द आहे आणि घरच्यांच्या तोंडीही तोच असणार. सगळ्या घोळाचं मूळ मला त्या शब्दात दिसतं. फाटतं ते आधी अखंड असलेलं. मग कधी फाटलं, कशानं फाटलं, कुणाच्या हातून फाटलं, याचा शोध सुरू होतो आणि तो तुमच्या जिन्यापाशी येऊन थांबतो. तुमच्या मुलीचा ओठ अखंड होता आणि मग फाटला, असं घडलेलंच नाही. दोन बाजूंनी वाढत येणारे दोन भाग एकमेकांना भेटून एक व्हायचे असतात, ते तिच्या डाव्या बाजूला जुळायचे राहिले.

हे जुळणं कधी होतं ते आधी सांगते, म्हणजे जिन्याचा विषय मिटेल. वरचा ओठ गर्भधारणेपासून सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. डॉक्टर पाळीच्या तारखेपासून मोजतात, त्यांच्या हिशेबात तो आठवा-नववा आठवडा. तेव्हा गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा असतो. टाळूचं काम थोडं उशिरा सुरू होतं आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास उरकतं. तुम्ही घसरलात सातव्या महिन्यात. त्याच्या चार महिन्यांहून अधिक आधीच ओठाचा निकाल लागलेला होता. हा हिशेब कागदावर मांडा आणि जो कोणी जिन्याचं नाव काढेल त्याच्यासमोर ठेवा. वाद घालू नका, फक्त आठवडे दाखवा.

आता तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्याकडे येते. ती चुकीचं बोलली नाही, पण तिचं वाक्य अर्धं राहिलं, आणि उरलेलं अर्धं तुम्ही स्वतःला दोष देऊन भरून काढलंत. म्हणून ते मी नीट सांगते. मी आयुष्यभर भ्रूणविज्ञान शिकवलं आहे आणि चेहरा घडतानाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना आजही माझं मन भरून येतं.

चौथ्या आठवड्यात चेहरा असा नसतोच. एक खळगा असतो, त्याच्या तळाशी पातळ पडदा असतो आणि भोवती पाच उंचवटे येतात : वर मधोमध एक, दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचे दोन, खाली खालच्या जबड्याचे दोन. पडदा विरतो आणि खळग्याचं तोंड होतं. या उंचवट्यांच्या आतल्या पेशी तिथल्या नसतात, दुरून आलेल्या असतात. मेंदूची नळी मिटत असते तेव्हा तिच्या कडेवरून ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाच्या पेशी निघतात आणि चालत चालत चेहऱ्यापर्यंत येतात. निघण्यासाठी त्यांना शेजारणींचा हात सोडावा लागतो. त्यांच्या पृष्ठभागावर जे चिकटणारे रेणू असतात त्यांतले काही त्या कमी करतात, काही बदलतात, आणि मगच मोकळ्या होतात. म्हणजे चेहऱ्याची पहिली पायरी सुटण्याची आहे, चिकटण्याची पुढे येते. हे लक्षात ठेवा, कारण ‘चिकटपणा कमी पडला’ हे चित्र इथेच डळमळतं.

चिकटवणारा रेणू म्हटल्यावर डोळ्यांसमोर डिंक येतो. कुठेही लावा, कशालाही चिकटेल, कमी पडला तर आणखी ओता. पेशींचं तसं नाही. त्यातल्या त्यात जवळची वस्तू म्हणजे टिचबटण. पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावणारे प्रथिनाचे बारीक दांडे असतात, त्यांना कॅडहेरिन म्हणतात. एका पेशीचा दांडा शेजारच्या पेशीच्या तशाच दांड्यात अडकतो. टिचबटणाचे दोन अर्धे वेगळे असतात, इथे ते सारखेच असतात एवढाच फरक. त्वचेसारख्या अस्तराच्या पेशींवर ई-कॅडहेरिन असतं, मज्जासंस्थेतल्या बऱ्याच पेशींवर एन-कॅडहेरिन, आणि साधारणपणे ई ला ई रुचतं, एन ला एन. या दांड्यांना ताठ राहायला कॅल्शियम लागतं. पेशींची ही पकड कॅल्शियमवर अवलंबून असते, हे जपानच्या मासातोशी ताकेइचींच्या १९७७ सालच्या कामातून पुढे आलं. कॅल्शियमचं नाव वाचून पुन्हा स्वतःकडे बोट वळवू नका. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे एका पातळीवर राखतं; जेवणातून कमी आलं तर आईच्या हाडांतून घेतं, पण पातळी सांभाळतं.

पेशींना आपलं माणूस ओळखता येतं, हे त्याच्याही आधी दिसलं होतं. १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर या दोघांनी बेडकासारख्या उभयचर प्राण्यांचे भ्रूण घेतले, त्यांच्या पेशी सुट्या सुट्या केल्या आणि वेगवेगळ्या थरांच्या पेशी एकत्र मिसळून ठेवल्या. पेशी पुन्हा गोळा झाल्या, पण सरमिसळ राहिली नाही. त्वचेच्या पेशी बाहेर गेल्या, आतल्या थराच्या आत सरकल्या, प्रत्येक जण आपल्यांत. मला हा प्रयोग वर्गात सांगायला नेहमी आवडायचा, कारण त्यात कुणी वरून हुकूम देत नाही. ज्याला जे चिकटतं त्यावरून जागा ठरते.

आता ओठ. नाकाच्या खळग्याच्या आतल्या बाजूचा उंचवटा आणि वरच्या जबड्याचा उंचवटा एकमेकांकडे वाढत येतात. दोघांवर पातळ अस्तर असतं. ते टेकतात, अस्तरं एकमेकांत गुंततात, मध्ये एक शिवण तयार होते, आणि मग ती शिवण नाहीशी होऊन आतला भाग आतल्या भागाशी एक होतो. पहिल्या स्पर्शाला बहुधा नेक्टिन नावाचे रेणू पुढे असतात, कॅडहेरिन त्यांच्या मागोमाग येऊन पकड पक्की करतात, आणि डेस्मोसोम नावाचे भक्कम सांधे ती टिकवतात. यातल्या प्रत्येक रेणूची कृती बाळाच्या स्वतःच्या जनुकांत लिहिलेली असते आणि बाळाच्याच पेशी तो रेणू तिथल्या तिथे बनवतात. आईच्या रक्तातून कॅडहेरिन बाळाला जात नाही. तुमच्या अंगात काय कमी होतं, हा प्रश्नच इथे लागू पडत नाही.

एखादा रेणू खरंच नसला तर काय होतं, याचं उदाहरण व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळच्या मार्गारिटा बेटावर सापडलं. तिथल्या काही कुटुंबांत दुभंगलेला ओठ आणि टाळू, वेगळे दात, विरळ केस आणि काही वेळा जोडलेली बोटं असा एक आजार चालत आला होता. २००० साली कळलं की त्यांच्यात नेक्टिन-१ चं जनुक बिघडलेलं आहे, आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींमध्ये. एक प्रत चांगली असलेल्या आईवडिलांना तो आजार नव्हता. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही.

टाळूची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. (टाळू म्हणजे तोंडाचं छत. बाळाच्या डोक्यावर जी धडधडते त्या टाळूशी याचा संबंध नाही. आपल्या भाषेत एकच शब्द असल्यामुळे घरी गोंधळ होतो.) सातव्या आठवड्यात तोंडाला छत नसतं. जीभ सगळी जागा व्यापून बसलेली असते आणि छपराची दोन पाखं तिच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मग जबडा वाढतो, जीभ खाली बसते, आणि पाखं उचलली जाऊन आडवी होतात. हे उचलणं फार भराभर होतं. आडवी झालेली पाखं मधोमध टेकतात. गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या कापात त्या क्षणाची शिवण दिसते : दोन्हीकडचं अस्तर एकत्र येऊन झालेली जांभळी बारीक रेघ, दोन-तीन पेशींएवढीच जाड. पुढच्या टप्प्याच्या कापात रेघ तुटक होते, बेटं बेटं उरतात. त्याच्या पुढच्या कापात ती नसते. काही पेशी मरतात, काही बाजूला सरकतात आणि दोन पाखांचं एक छत होतं. जीभ टाळूला लावून मधोमध मागे-पुढे फिरवा, एक बारीक कणा लागेल. तुमच्या तोंडातली ती शिवण आहे. पुष्कळ नवजात बाळांच्या टाळूवर मधल्या रेषेत पांढरे मोत्यासारखे ठिपके असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात, तीही त्याच शिवणीत अडकून राहिलेल्या पेशींची खूण.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. पाखं लोंबत असतात तेव्हा ती जिभेला आणि जबड्याला अगदी घासून असतात. मग तिथेच का चिकटत नाहीत? कारण अस्तरावर पेरिडर्म नावाचा एक सपाट पेशींचा थर पांघरलेला असतो आणि त्याच्या खालच्या चिकट पेशी तो झाकून ठेवतो. ज्या ठिकाणी, ज्या वेळी जुळायचं, तिथे हा थर बाजूला होतो. २००२ साली आयआरएफ-६ नावाचं एक जनुक सापडलं. ते बिघडलं की ओठ-टाळू दुभंगते. उंदरांमध्ये पाहिल्यावर लक्षात आलं की ते जनुक नसेल तर पेरिडर्म नीट बनत नाही, आणि पाखं नको तिथे, जिभेला, जबड्याला चिकटतात. अडकून बसलेली पाखं वर कशी उचलली जाणार? म्हणजे तिथे फट पडली ती चिकटपणा जास्त झाल्यामुळे, चुकीच्या जागी झाल्यामुळे. याच्या उलट, टीजीएफ-बीटा-३ नावाचा संदेश देणारा रेणू नसलेले उंदीर १९९५ साली तयार केले गेले. त्यांची पाखं व्यवस्थित उचलली गेली, एकमेकांजवळ आली, टेकलीही, पण एक झाली नाहीत. बाहेरून फट दोन्हीकडे सारखीच. ‘चिकटपणा कमी पडला’ हे वाक्य म्हणून मला कुणाच्याही बाबतीत सरसकट म्हणवत नाही. सुटणं, चालत येणं, वाढणं, उचललं जाणं, टेकणं, चिकटणं, शिवण विरणं, हे सगळं काही आठवड्यांच्या आत एकामागून एक व्हावं लागतं. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात यातलं काहीतरी अडतं. ओठाची फट उजवीपेक्षा डावीकडे जास्त वेळा असते, तुमच्या मुलीसारखी.

कोलॅजनच्या पावडरीबद्दल थोडक्यात. कोलॅजन पेशींना एकमेकींशी जोडणारा रेणू नाही, पेशींच्या भोवतालचा तो मजबूत धागा आहे. शिवाय खाल्लेलं कोलॅजन पोटात पचून त्याचे तुकडे होतात, ते कोलॅजन म्हणून दुधात उतरत नाही. आणि उतरलं असतं तरी ज्या आठवड्यात जुळायचं होतं तो आठवडा मागे गेला आहे. ती पावडर थांबवलीत तर तुमच्या मुलीचं काहीही अडणार नाही. तुम्ही तिच्यासाठी काहीतरी करायला हवं म्हणून ती घेताय, हे मला कळतं. करण्यासारखं खरंच आहे, ते खाली सांगते.

पुढच्या मुलाचं. तुम्हा दोघांनाही हा दोष नसेल, घरात आणखी कुणाला नसेल आणि बाळात दुसरी काही लक्षणं नसतील, तर पुढच्या मुलात तो असण्याची शक्यता शंभरात साधारण तीन ते पाच. पण त्याआधी तुमच्या आणि बाळाच्या वडिलांच्या खालच्या ओठाकडे उजेडात नीट पाहा. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टोचल्यासारखे दोन बारीक खळगे आहेत का? बाळाच्याही ओठावर बघा. असतील तर तो वॅन डर वूड सिंड्रोम असू शकतो, आयआरएफ-६ शी जोडलेला, आणि मग शक्यतेचा आकडा निम्म्यापर्यंत जातो. त्यासाठी जनुकीय सल्लागाराला भेटायला हवं. दुसरं, तुमच्या दोघांच्या घराण्यात कुणाला कमी वयात पोटाचा कॅन्सर झाला होता का, ते विचारून घ्या. ई-कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड असलेल्या मोजक्या कुटुंबांत पोटाचा एक विशिष्ट कॅन्सर आणि दुभंगलेला ओठ असे दोन्ही दिसतात. हे घाबरवायला सांगत नाही. फार थोड्या घरांत असतं, पण असेल तर डॉक्टरांना माहीत असणं मोठ्या माणसांच्याही जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

आईच्या बाजूने कशानेच फरक पडत नाही, असं सांगून मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. धूम्रपान, मद्य, गरोदरपणाच्या आधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, अपस्मारावरची व्हॅल्प्रोएट किंवा टोपिरामेटसारखी काही औषधं, यांनी शक्यता वाढते. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर पुढच्या खेपेआधी डॉक्टरांशी बोला. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. मज्जारज्जूच्या दोषांविरुद्ध त्याचा फायदा पक्का सिद्ध झालेला आहे, ओठ-टाळूबद्दल पुरावा तितका पक्का नाही, पण घ्यायचं ते घ्यायचंच. यातलं काहीही लागू नसलेल्या कितीतरी आयांची बाळं अशी जन्मतात. तुमच्या पत्रात घसरणं, भीती आणि घरच्यांचे शब्द आहेत. त्यांतल्या कशाचाही पेरिडर्मशी संबंध नाही.

आता मुलीकडे. टाळूला फट असली की तोंडात ओढ निर्माण होत नाही, म्हणून ती चोखताना दमते आणि दूध नाकातून येतं. तिला अर्धवट बसवल्यासारखं धरून पाजा. दाबून दूध सोडता येणाऱ्या खास बाटल्या मिळतात, तुमचं काढलेलं दूध त्यातून देता येतं. वजन ठरावीक दिवशी लिहून ठेवा, ऑपरेशनची तारीख त्यावर अवलंबून आहे. ओठाचं ऑपरेशन बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतात, टाळूचं वर्षाच्या आसपास. कान मात्र लोक विसरतात. टाळूचे जे स्नायू कानाची नळी उघडतात तेच नीट जोडलेले नसतात, त्यामुळे पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. ऐकू आलं नाही तर बोलणं मागे पडतं.

ऑपरेशनबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते, कारण तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर तिथे आहे. फटीच्या दोन्ही कडांवर आता त्वचेचं आणि ओठाचं अस्तर पूर्ण बनलेलं आहे. त्या कडा नुसत्या जवळ आणून शिवल्या तर त्या जुळणार नाहीत. सर्जन आधी शाईचे ठिपके देऊन दोन्हीकडची ओठाची किनार कुठे मिळेल ते आखतात, मग कडेचं अस्तर काढतात, आतले स्नायू मोकळे करून एकमेकांना जोडतात आणि वर बारीक टाके घालतात. सातव्या आठवड्यात जी शिवण विरायची होती तिचं काम ते हाताने करतात. त्यानंतर टाके फक्त धरून ठेवतात. कडेच्या पेशी आपले सांधे सैल करून दोन्हीकडून पुढे सरकतात, मध्ये एकमेकींना भेटतात, थांबतात, आणि पुन्हा कॅडहेरिनची बटणं लावतात. तुमच्या मुलीच्या स्वतःच्या पेशी, तिच्या स्वतःच्या रेणूंनी. पाच आठवड्यांत तिच्या पायाला कुठे रक्त तपासायला टोचलं असेल तर ती जागा बघा. तिथली जखम त्यांनी केव्हाच मिटवली असेल.

पुढच्या तपासणीला जाताना जिन्याचं नाव सगळ्यात जास्त घेणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि आठवड्यांचा हिशेब डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. आणि ऐकण्याची चाचणी कधी करायची, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.